आई-बाबा आणि मूल: घरच्या घरी सोळा पानांचं चित्रपुस्तक कसं करावं

आई-बाबा आणि मुलाच्या नात्यावर पुस्तक करायला बसलं की पहिलं वाक्य हमखास सुचतं: 'माझी आई माझ्यावर खूप खूप प्रेम करते.' ते लिहा आणि खोडून टाका. चार वर्षांच्या मुलाला त्यात बघण्यासारखं काहीच नाही. त्याला दिसतं ते हे, की भात कालवताना आई मिरचीचा तुकडा शोधून ताटाच्या कडेला काढते. पुस्तक त्या मिरचीचं करायचं.

साहित्य फार लागत नाही. ए-फोर आकाराचे चार कार्ट्रिज पेपर (१२० ते १३० जीएसएमचे; जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन. त्याहून जाड घेतले तर घडी नीट बसत नाही), कव्हरसाठी एक जाड रंगीत कागद, रंगीत पेन्सिली, दाभण, सुई आणि गोधडीचा दोरा. शिवाय कच्च्या कामासाठी चार पाठकोरे कागद.

१. रोजची एकच गोष्ट निवडा

जन्मापासून शाळेपर्यंतचा प्रवास नको. रोज दहा मिनिटांत उरकणारं, दोघांनी मिळून करायचं आणि थोडंफार बिघडणारं असं एखादं काम हवं. नखं कापणं, मोजे शोधणं, झोपताना पाठ खाजवून देणं. आपण उदाहरणापुरतं हे घेऊ: आईची सकाळची पाळी आहे, म्हणून शाळेच्या वेण्या बाबाला घालाव्या लागतात.

मुलाच्या वाट्याला काम आलंच पाहिजे. बाबा करतोय आणि मुलगी नुसती करून घेतेय, असं झालं की पुस्तकाचं कृतज्ञता व्यक्त करणारं भाषण होतं. आपल्या गोष्टीत मुलगी बाबाला शिकवते: 'तीन बटा करायच्या, बाबा. दोन नाही.'

२. पानं पाडा

बाजारातली चित्रपुस्तकं पुष्कळदा ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला की पानं आठ किंवा सोळाच्या पटीत निघतात. आपल्याला १६ पुरेत. चारही पाठकोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाला आणि पानांना १ ते १६ आकडे टाका. मग ते सुटे करून बघा: सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १ आलेत, दुसऱ्या बाजूला २ आणि १५. कुठल्याही बाजूच्या दोन आकड्यांची बेरीज १७ येते. ती आली नाही तर कागद उलटा पडलाय.

पान १ वर नाव, २ ते १५ मध्ये सात जोडपानं आणि १६ वर शेवट. समोरासमोरची पानं एकाच सलग कागदावर येतात ती फक्त मधोमध, म्हणजे ८ आणि ९. सगळ्यात मोठं चित्र तिथेच काढा. वेणीच्या गोष्टीत तिथे काय येणार हे उघड आहे: गुंता! दोन्ही पानं भरून केस, आणि त्यात कुठेतरी अडकलेला कंगवा.

३. शब्द लिहा, मग निम्मे काढा

पुस्तकभर मिळून शंभराच्या आतच शब्द हवेत. आधी भरभरून लिहा:

'बाबाने तोंडात रिबीन धरली आणि कपाळाला आठ्या घालून वाकडा भांग पाडला.'

रिबीन, आठ्या आणि वाकडेपणा, तिन्ही चित्रात दिसणार. मग उरतं ते एवढंच:

'बाबा भांग पाडतो. अगदी सरळ.'

मूल चित्र बघतं आणि ओरडतं, 'सरळ नाहीये!' शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच दाखवतं, आणि ते पकडण्याचा मान ऐकणाऱ्याला मिळतो. माझ्या मते चित्रपुस्तकाची सगळी गंमत इथेच आहे. 'बाबाचं किती प्रेम आहे' हे सांगायची गरज मग उरत नाही.

पान उलटण्याचाही उपयोग करून घ्या. उजव्या हाताच्या, म्हणजे विषम आकड्याच्या पानावर वाक्य अडवून ठेवा. पान ७ वर 'आणि मग...' एवढंच.

४. चित्रं

'मला चित्र येत नाही' हे कारण चालणार नाही. बाबा प्रत्येक पानावर ओळखू आला म्हणजे झालं, त्यासाठी चौकड्यांचा शर्ट आणि चष्मा पुरतो. मात्र नजर मुलाच्या उंचीवरून ठेवा: त्याला मोठ्या माणसांचे गुडघे, पोट आणि हातच जास्त दिसतात. घडीच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटीमीटरात चेहरा येऊ देऊ नका. तेलखडू टाळा, त्याचा रंग समोरच्या पानाला लागतो. स्केचपेन पाठीमागे उमटतं.

पान १६ ला शब्दच नकोत. दोघं शाळेच्या फाटकाशी, आणि मुलीची गुलाबी क्लिप बाबाच्या केसांत.

५. शिवण

कव्हर बाहेरून घाला. घडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन वरच्या-खालच्या कडांपासून चार-चार सेंटीमीटरवर. पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट दोरा घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत आणा, मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर न्या आणि परत मधल्या भोकातून आत घ्या. आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोऱ्याची दोन टोकं राहतील. ती टाक्यावरून ओढून गाठ मारा. स्टेपलर नको: पिना गंजतात, लहान बोटांना टोचतात. कोपरे कात्रीने गोल करा.

६. वाचताना

पान मुलालाच उलटू द्या, आणि उलटण्याआधी ते थांबलं तर तुम्हीही थांबा. मुलगी म्हणाली, 'शर्ट निळा होता,' तर पेन्सिल तिच्या हातात द्या, तिला रंगवू दे. शिवण्याआधी सगळ्या कागदांची झेरॉक्स मात्र काढून ठेवा. पुस्तक आवडलं तर फाटणार, आणि दुसरी प्रत लागणार.