जुन्या स्पोर्ट्स कारचा रिले बदलताय? या चुका टाळा

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की नागपुरात जुन्या इंजेक्शन गाड्यांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी दुपारी तासभर उन्हात उभी राहिली की चालूच होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन काही पकडत नाही. संध्याकाळी ऊन उतरलं की पुन्हा काही झालंच नव्हतं अशी चालू. ‘गरम झाली का बसते अन् थंड झाली का उठते’ असं कुणी सांगितलं, की फ्युएल पंप उतरवायच्या आधी रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी, तपासावी.

पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१) चा डीएमई (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा) रिले यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि फ्युएल पंपाला, दोघांनाही करंट त्याच्यातूनच जातो. मर्सिडीज एसएलकेच्या पहिल्या पिढीत (१९९६ ते २००४) हेच काम के-४० नावाची रिलेची पाटी (सर्किट बोर्ड) करते. जुन्या होंडा गाड्यांत डॅशबोर्डखाली मेन रिले असतो. तिघांचं दुखणं एकच. आतले सोल्डरचे टाके तापून पसरतात, गार होऊन आकसतात, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की पिनेभोवती बारीक गोल भेग पडते. बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि बंद काचांच्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे अशी भेग उघडायला नागपूरसारखं ठिकाण नाही.

‘टक’ वाजलं म्हणजे रिले चांगला, हे डोक्यातून काढा

किल्ली फिरवली, टक आवाज आला, म्हणून रिलेला सोडून पंप बदलणारे बरेच आहेत. टक आवाज फक्त एवढंच सांगतो की आतली कॉइल, म्हणजे चुंबक होणारं तारेचं वेटोळं, ओढतेय. कॉइल ओढते तेव्हा एकमेकांना टेकणाऱ्या ज्या कॉन्टॅक्टमधून पंपाचा करंट जातो तो जळून काळा पडला असेल, तरी टक वाजतंच.

रिलेच्या पायांवर छापलेले आकडे आधी वाचा. ८५ आणि ८६ हे कॉइलचे दोन टोक. ३० वर बॅटरीचा सप्लाय येतो, ८७ वरून तो पंपाकडे किंवा फॅनकडे जातो. रिले सॉकेटमध्येच ठेवून, पंप चालू असताना, सॉकेटच्या मागच्या बाजूने मल्टिमीटरची बारीक पिन घालून ३० आणि ८७ च्या मधलं व्होल्टेज मोजा. चांगल्या रिलेत ते ०.२ व्होल्टच्या आत राहतं. अर्धा व्होल्ट दिसला आणि पंप ८ अँपिअर ओढत असेल, तर त्या इवल्याशा कॉन्टॅक्टवर ४ वॉट उष्णता तयार होतेय. असा रिले काढूनच टाका.

नुसत्या मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून सप्लाय ठीक आहे, हेही धरून चालू नका. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून वापरा. तो पावणेदोन अँपिअर मागतो आणि कच्चं कनेक्शन लगेच उघडं पडतं.

कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ७० ते १०० ओहम असतो. तो गार रिलेवर मोजून थांबू नका. हेअर ड्रायरने रिले चांगला गरम करा आणि परत मोजा, परत चालवून बघा. दोष उन्हात येतो, तर तपासणीही गरम रिलेवरच व्हायला हवी.

बसला म्हणजे तोच, असं नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दुकानात जाऊन ‘चार पिनचा रिले द्या’ म्हटलं की काउंटरवरून हॉर्नचा किंवा फॉग लॅम्पचा रिले हातात येतो. तो सॉकेटमध्ये घट्ट बसतो, आणि घात तिथेच होतो.

एकाच आकाराच्या रिलेत पायांची रचना दोन प्रकारची येते. एका प्रकारात ३० आणि ८६ जिथे असतात, दुसऱ्यात त्यांची अदलाबदल असते. चुकीचा बसला की बॅटरीचा थेट सप्लाय कॉइलला मिळतो आणि पंपाचा सगळा करंट इग्निशनच्या बारीक वायरीतून ओढला जातो. कॉइलचं दुसरं टोक कायम अर्थला (गाडीच्या बॉडीला) असेल तर किल्ली काढली तरी रिले ओढलेलाच राहतो, सकाळी बॅटरी बसलेली. वायर तापत राहते ते वेगळंच. म्हणून नवा रिले जुन्याच्या शेजारी उलटा धरा, दोघांच्या बगलेवर छापलेली आकृती आणि प्रत्येक पायाचा आकडा एकेक करून जुळवा. एक आकडा जरी इकडचा तिकडे असेल तर परत करा.

आकृतीत कॉइलला समांतर डायोड किंवा रेझिस्टर आहे का, तेही त्याच वेळी बघा. कॉइलचा सप्लाय तुटतो तेव्हा शंभराच्या वर व्होल्टचा उलटा झटका तयार होतो. तो डायोड गिळतो. जुन्या गाडीत डायोडवाला रिले होता आणि तुम्ही साधा घातला, तर प्रत्येक वेळी तो झटका कॉम्प्युटरपर्यंत जाऊ शकतो. उलट, डायोडवाला रिले प्लस-मायनस उलटं असलेल्या सॉकेटमध्ये गेला तर कॉइलऐवजी डायोडच शॉर्ट होऊन बसतो आणि फ्यूज किंवा कॉम्प्युटरमधला ट्रान्झिस्टर जातो. काहीशे रुपयांच्या रिलेपायी पस्तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर शोधत फिरण्याची पाळी कुणावर येऊ नये. आणि ९४४ च्या डीएमई रिलेत एकाच डबीत दोन स्वतंत्र काम आहेत, त्याला बाजारातला साधा रिले पर्याय नाहीच. पार्ट नंबर बघूनच मागवा.

सॉकेटकडे बघा

रिले काढताना पक्कडने ओढू नका; हलकं डोलवत सरळ वर काढा. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडलेलं असावं. मग टॉर्चने सॉकेट पाहा. एखाद्या खाचेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर उष्णता तिथे तयार होत होती आणि नवा रिलेही तिथेच जळणार. एखाद्या निकामी रिलेचा एक पाय कापून तो प्रत्येक खाचेत घालून बघा. सगळीकडे सारखा घट्ट बसायला हवा. सैल लागला तर ते टर्मिनल बदला. पॉलिश पेपरने घासायची आपल्याकडे फार सवय, पण त्याने वरचा मुलामा निघतो आणि गंज लवकर धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे पुरतो.

फॅनचा रिले वारंवार जात असेल तर दोष बहुधा फॅनच्या मोटरमध्ये असतो. बेअरिंग जाम झालं की ती जास्त करंट ओढते. क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) मोजा, मात्र तो डीसी मोजणारा हवा. स्वस्त मीटर बरेचदा फक्त एसी दाखवतात. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

जुना रिले फेकू नका

डबी उघडून पाटीच्या मागचे टाके भिंगातून बघा. गोल भेग दिसली तर जुनं सोल्डर पूर्ण काढून नवा टाका मारता येतो. हे काम गाडीच्या गॅरेजपेक्षा टीव्ही दुरुस्त करणारा जास्त सफाईने करेल, ‘ड्राय सोल्डर आहे’ एवढं सांगितलं की त्याला कळतं. के-४० च्या पाटीला तर हाच सर्वमान्य इलाज आहे. दुरुस्त केलेला रिले गाडीत स्पेअर म्हणून ठेवा. कॉन्टॅक्टच जळले असतील तर मात्र तो कामाचा नाही.

वाटेत अडकलात तर ९४४ च्या सॉकेटमध्ये ३०, ८७ आणि ८७बी या तीन खाचा फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोडून घर गाठता येतं. समृद्धीवर किंवा वर्धा रोडला उन्हात उभं राहण्यापेक्षा ते बरं. पण हे घरापर्यंतच. अशा जोडणीत किल्ली काढली तरी पंप चालू राहतो, आणि अपघात झाला तर इंजिन थांबूनही पेट्रोल येत राहतं. गाडी उभी केली की आधी वायर काढायची.

नवा रिले बसवल्यावर सकाळच्या गारव्यात गाडी चालू झाली म्हणून काम झालं असं समजू नका. दुपारी दोनच्या सुमारास एसी लावून अर्धा तास चालवा, बंद करा, काचा लावून वीस मिनिटं उन्हात ठेवा आणि मग सेल्फ मारा. चालू झाल्यावर रिलेला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक. बोट ठेववत नसेल तर सॉकेट पुन्हा उघडा आणि ३० व ८७ मधलं व्होल्टेज परत मोजा.