नावावरून नाही, नंबरावरून शोधा: पहिल्या महायुद्धात गेलेल्या पूर्वजाचा माग

आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या मागे तांब्याची वाटावी अशी एक चकती असायची. दर दसऱ्याला आजी ती देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंच लावून लख्ख घासायची आणि घासता घासता सांगायची, "पणजोबा तुझे बसऱ्याच्या लढाईवर होते. जंगी पलटण. वेढ्यात अडकले, घोडं खायची पाळी आली, पण खाल्लं नाही. जगून आले." मी पोस्टात तीस वर्षं काढली. त्यातला बराच काळ चुकीच्या पत्त्यांची पत्रं योग्य घरी कशी पोचवायची, याच उद्योगात गेला. निवृत्तीनंतर ही चकती घेऊन बसले. तुमच्याही घरी अशी गोष्ट आणि असं पदक असेल, तर मी कसा माग काढला ते सांगते.

पहिलं काम घरातच. म्हाताऱ्या माणसांना "कोणती रेजिमेंट?" असं विचारू नका, उत्तर येणार नाही. "पलटणीला काय म्हणायचे? बोट कुठे लागली? पैसे कुठून यायचे?" असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, स्वतः दुरुस्त करू नका. 'जंगी पलटण' म्हणजे नुसती मोठी पलटण, असं आम्ही तीन पिढ्या धरून चाललो होतो. ते एका विशिष्ट पलटणीचं नाव आहे. तेव्हाची १०३वी मराठा लाइट इन्फंट्री, आजची पहिली मराठा बटालियन. तसंच 'काळी पाचवी' म्हणजे तेव्हाची १०५वी, आजची दुसरी. १९२२ मध्ये सगळ्या पलटणींचे आकडे बदलले, त्यामुळे जुना आणि नवा असे दोन्ही आकडे जवळ ठेवा. १०३वी खरोखरच आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत. आजीच्या घोड्याच्या गोष्टीलाही आधार आहे. वेढ्यात घोडी-खेचरं कापली गेली आणि धर्माच्या कारणाने बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस नाकारलं.

आता पदक. कृपा करून ते चिंचेने, राखेने, पितांबरीने घासू नका. सगळी माहिती चेहऱ्यावर नसते, कडेवर असते. ब्रिटिश वॉर मेडलच्या एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे. आणि रुपयाच्या नाण्याला जिथे दाते असतात, त्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, तुकडी. आमच्या पदकावर शंभर दसऱ्यांच्या घासणीने अक्षरं इतकी झिजली होती की दिवसा काहीच दिसेना. रात्री खोलीत अंधार करून मी टॉर्च आडवा धरला, प्रकाश कडेला घासून जाईल असा, आणि पदक बोटाबोटाने फिरवत मोबाइलवर अकरा फोटो काढले. सावलीत अक्षरं उभी राहिली. आधी नंबर, मग पणजोबांचं नाव, शेवटी 'लेबर'.

जंगी पलटण नाही. लेबर कोअर.

चकती तांब्याची का दिसते, तेही तेव्हाच कळलं. लढणाऱ्या शिपायाला हे पदक चांदीचं मिळायचं. मजूर, हमाल अशा सेवेकऱ्यांना तेच ब्राँझचं. म्हणून पदक हाती आलं की आधी धातू बघा. चांदीचं असेल तर माणूस पलटणीत शोधा, ब्राँझचं असेल तर लेबर कोअर, पोर्टर कोअर अशा ठिकाणी. घरातल्या काहींना हे ऐकून वाईट वाटलं. मला नाही वाटलं. बसऱ्याच्या धक्क्यावर गोणी आणि गोळे कुणीतरी उतरवलेच असतील ना? त्या फौजेच्या पोटापाण्याचं ओझं याच माणसांच्या पाठीवर होतं आणि आपण त्यांची नावंसुद्धा शोधत नाही, याची मला खंत आहे.

पण मग आजीच्या गोष्टीतली जंगी पलटण कुठून आली? ते उत्तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाच्या, संकेतस्थळावर मिळालं. तिथे फक्त मेलेल्यांची नोंद असते, परत आलेल्यांची नाही, म्हणून मी आधी तिकडे फिरकलेच नव्हते. तिथला शोध फुकट आहे, पण नाव घालून शोधाल तर फसाल. इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलेलं असतं. जाधवचं 'जाडो', शिंदेचं 'सिंदिया', पवारचं 'पोवार'. त्याऐवजी सैन्य म्हणून 'इंडियन आर्मी' निवडा, रेजिमेंटमध्ये मराठा हा शब्द त्यांच्या जुन्या पद्धतीने, एम-ए नंतर 'एच' आणि पुढे दोन 'टी' असा लिहा, आणि जादा माहितीच्या रकान्यात तालुक्याचं नाव टाका. बऱ्याच नोंदींत त्याच रकान्यात बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं असतं. यादी उतरवून घेऊन एक्सेलमध्ये चाळता येते. मी तशीच चाळली.

तालुक्यांबाबत एक सावधगिरी. आमचं खेड रत्नागिरीचं, पण पुणे जिल्ह्यातही खेड आहे. जिल्हा बघितल्याशिवाय उडी मारू नका. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे मालवण-कणकवलीची माणसं त्या कागदांत रत्नागिरीची आहेत. रायगडची कुलाब्याची आहेत.

चाळता चाळता एका ओळीवर थांबले. १०३वी पलटण, शिपाई, मृत्यू १९१६, स्मारक बसरा. बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचं, गाव आमचंच, फक्त स्पेलिंग असं की मुंबईच्या सॉर्टरने ते पत्र परत पाठवलं असतं. शिपायाचं नाव मात्र पणजोबांचं नव्हतं. तहसील कार्यालयातून जुन्या कोतवाल बुकाच्या नकला काढल्या (जन्म-मृत्यूची ती नोंदवही, मोडी वाचणारं माणूस बरोबर न्या) तेव्हा जुळलं. ते पणजोबांचे थोरले भाऊ. दोघे भाऊ बसऱ्याला गेले, एक बंदूक घेऊन, एक पाठीवर ओझं घेऊन. धाकटा परत आला आणि थोरल्याची गोष्ट घेऊन आला. पुढे घराने दोघांचा एकच माणूस केला.

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल हे माहीत असू द्या की तिथल्या दगडावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत. अधिकाऱ्यांची आहेत, शिपायांची पलटणवार नुसती संख्या. २०२१ मध्ये वॉर ग्रेव्हज आयोगाने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. त्यामुळे "स्मारकाच्या फोटोत नाव दिसत नाही" म्हणून शोध सोडू नका. नाव नोंदवहीत असतं.

नंबर आणि पलटण मिळाली की पुढे पलटणीची रोजनिशी वाचा. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) तुकड्यांच्या युद्ध-रोजनिशा लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' संकेतस्थळावरही सैन्य विभागाचे कागद शोधा. रोजनिशीत शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण तो त्या दिवशी कुठे होता ते कळतं. पंजाबातल्या शिपायांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात सापडली, ती ऑनलाइन आली, हे वाचून अनेकजण तिथे आपलं गाव शोधतात. ती फक्त पंजाबची आहेत.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात किंवा नंतर होते, तर वाट वेगळी. मराठा रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी अभियंत्यांच्या दलाचं) खडकीला. महार पूर्वज असतील तर १९१७ ची १११वी महार पलटणही तपासा, ती १९२१ मध्ये मोडली. आजची रेजिमेंट १९४१ ची. त्या कार्यालयाला लिहायच्या पत्रात नंबर, हुद्दा, नाव, गाव, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा द्या. पेन्शन न घेतलेल्या माणसाचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात आणि उत्तरही तसंच येतं. तिथे थांबू नका. "लाँग रोलमधली नोंद द्यावी" असं स्पष्ट लिहा. शीट रोल (एकेका शिपायाचा सविस्तर सेवा-कागद) गेला तरी लाँग रोल (सगळ्यांची ओळीओळीची नोंदवही) बहुधा राहतो. मैत्रिणीच्या सासऱ्यांसाठी मी लिहिलेल्या पहिल्या पत्राला उत्तरच आलं नाही, दुसरं माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून टाकलं, त्याला आलं. लाँग रोलची एकच ओळ होती, पण भरतीची तारीख आणि गाव दोन्ही होतं.

थोरल्या पणजोबांची तिथी घरात कुणालाच माहीत नव्हती. म्हणून पितृपक्षात त्यांच्या नावाचं वेगळं पान कधी वाढलं गेलं नाही, सर्वपित्रीला सगळ्यांत मिळून. नोंदीतली तारीख मी गुरुजींकडे नेली, त्यांनी शके १८३८ च्या पंचांगावरून तिथी काढून दिली. यंदा म्हाळाला चुलतभावाने त्यांचं नाव घेतलं.