सीबीआर जुळला, पण उत्तर बरोबर आहे का? टायट्रेशनमधली अचूकता आणि अनिश्चितता

टायट्रेशनमध्ये ब्युरेट या तोटीच्या मोजनळीतून एक द्रावण दुसऱ्यात सोडून त्याची तीव्रता काढतात. ब्युरेटची तीन रीडिंग २४.६, २४.६, २४.६ अशी आली की जर्नलमध्ये सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच आलेलं रीडिंग) लिहून सगळे मोकळे होतात. ही जुळणी एवढंच सांगते की तेच काम तुम्ही तीनदा केलं आणि तीनदा तसंच झालं. उत्तर खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे, हे तिच्यावरून कळत नाही. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क खुणेच्या वर भरला गेला असेल, तर तीनही रीडिंग सारखीच चुकतील आणि एकमेकांशी छान जुळतीलही. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या: रीडिंग एकमेकांना किती जुळतात, आणि ती खऱ्या किमतीपासून किती सरकलेली असू शकतात. दुसरी गोष्ट नजरेला दिसत नाही, ती हिशेबाने काढावी लागते.

उदाहरणाला नेहमीचाच प्रयोग घेऊ. ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ नॉर्मल द्रावण बनवायचं आणि त्यावरून सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी (तीव्रता) काढायची. आम्ल पिपेट या ठरावीक मापाच्या नळीने कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून सोडायचं. सोडियम हायड्रॉक्साइड थेट वजन करून चालत नाही. त्याच्या गोळ्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. पावसाळ्यात तर वॉच ग्लासवर ठेवल्या ठेवल्या चिकट होतात. लिटरला सुमारे ४ ग्रॅम घेऊन अंदाजे ०.१ नॉर्मल द्रावण बनवायचं आणि खरी नॉर्मॅलिटी ऑक्झॅलिक आम्लाकडून काढून घ्यायची.

वजन

२५० मिली द्रावणासाठी ऑक्झॅलिक आम्ल (पाण्याच्या दोन रेणूंसह, मोलर वस्तुमान १२६.०७) १.५७६ ग्रॅम लागतं. बरोबर तेवढंच टाकायचा अट्टहास करू नका. १.५५ ते १.६० च्या दरम्यान काहीही घ्या, पण जे घेतलं ते नेमकं लिहा आणि नॉर्मॅलिटी त्यावरून काढा. चमच्याने दाणे टाकत-काढत बसलात की पदार्थ तराजूच्या पॅनवर सांडतो, आणि सांडलेलंही वजनात धरलं जातं.

वेइंग बॉटल पदार्थासह तोला, पदार्थ फनेलमधून फ्लास्कमध्ये ओता, रिकामी बॉटल पुन्हा तोला. वजाबाकी म्हणजे फ्लास्कमध्ये खरोखर गेलेला पदार्थ. बॉटलला चिकटून राहिलेले कण आपोआप वगळले जातात. तोलताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, तराजूची काचेची दारं लावून घ्या. ओव्हनमधून काढलेली गरम बॉटल तोलू नका, कारण तिच्याभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं. ऑक्झॅलिक आम्ल मात्र ओव्हनमध्ये वाळवायचंच नाही. त्यातलं स्फटिकजल निघून जातं, एका ग्रॅममध्ये आम्ल जास्त येतं आणि १२६.०७ हा आकडा लागू राहत नाही.

फ्लास्क आणि पिपेट

आम्ल लवकर विरघळावं म्हणून पाणी कोमट केलंत तर चालेल, पण खुणेपर्यंत भरण्याआधी द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ४० अंशांवर खुणेपर्यंत भरलेला २५० मिलीचा फ्लास्क ३० अंशांवर आला की पातळी सुमारे ०.८ मिलीने खाली जाते. म्हणजे ०.३ टक्क्यांची चूक. शेवटचे थेंब ड्रॉपरने टाका, बूच लावा आणि फ्लास्क पंधरा-वीस वेळा उलटासुलटा करा. न ढवळलेल्या फ्लास्कमध्ये वरचं द्रावण पातळ आणि तळातलं दाट राहतं, मग रीडिंग एकामागून एक चढत किंवा उतरत जातात. असा कल दिसला की हाताला दोष देण्याआधी फ्लास्क पुन्हा हलवा.

पिपेट ज्या द्रावणासाठी वापरायची त्याच द्रावणाने दोनदा खंगाळा. ब्युरेटचंही तसंच. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवा. तो आम्लाने खंगाळला तर पिपेटने मोजलेल्या २५ मिलीपेक्षा जास्त आम्ल आत राहतं. पाण्याने ओला असला तरी बिघडत नाही, कारण आम्लाचे मोल तेवढेच राहतात.

पिपेट भरायला रबरी बल्ब वापरा, तोंडाने कधीही ओढू नका. खुणेवर आणण्याआधी बाहेरून टिश्यूने पुसा. द्रावण आपोआप वाहू द्या, संपल्यावर टोक काचेला टेकवून सुमारे १५ सेकंद थांबा. टोकात उरणारा थेंब फुंकून काढू नका, त्याचा हिशेब खूण करतानाच धरलेला असतो. काही पिपेट फुंकण्यासाठीच बनवलेल्या असतात, पण त्यांच्यावर तसं छापलेलं असतं.

ब्युरेट

सर्वात जास्त घोटाळे इथेच होतात. भरल्यावर तोटी एकदा पूर्ण उघडून जोरात सोडा, म्हणजे तोटीखालच्या नळीतला बुडबुडा निघून जाईल. तो टायट्रेशनच्या मध्येच निघाला, तर त्याची जागा भरायला द्रावण खर्च होतं आणि रीडिंग उगाच वाढतं. भरून झाल्यावर फनेल काढून ठेवा. त्यातून नंतर पडलेला एक थेंब ०.०५ मिली असतो.

वाचताना डोळा मेनिस्कसच्या (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या) पातळीत हवा. वरून पाहिलं तर ब्युरेटमध्ये आकडा कमी वाचला जातो, खालून पाहिलं तर जास्त. पांढऱ्या कार्डावर काळी जाड पट्टी काढा आणि पट्टीची वरची कड मेनिस्कसच्या जरा खाली येईल असं कार्ड ब्युरेटमागे धरा, मेनिस्कसची खालची कड ठसठशीत दिसते. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात खालची कड दिसतच नाही. तिथे वरची कड वाचा, सुरुवातीला आणि शेवटीही वरचीच.

५० मिली ब्युरेटचं लघुतम माप ०.१ मिली. दोन रेघांच्या मधली जागा नजरेने विभागून दुसरा दशांश लिहायची सवय लावा: २४.६ ऐवजी २४.६४. हा अंक अंदाजाचा असला तरी त्यात माहिती असते.

पायलट रीडिंग (पहिलं, अंदाजाचं) घेताना एकेक मिली टाका. पुढच्या वेळी अपेक्षित आकड्याच्या दोन मिली आधी थांबा आणि तिथून थेंबाथेंबाने जा. फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) दोनच थेंब. फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की एंडपॉइंट, म्हणजे टायट्रेशन थांबवायची खूण. नंतर तो उडाला तर काळजी नको, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे तसं होतं. शेवटच्या टप्प्यात अर्धा थेंब टोकावर लटकू द्या, फ्लास्कच्या काचेला टेकवा आणि वॉश बॉटलने खाली धुवा.

एंडपॉइंटला नजर फ्लास्कवर ठेवा, ब्युरेटवर नको. आधीचा २४.६ डोक्यात असला की हात तिथेच थांबतो आणि सीबीआर जुळवला जातो. असा जुळवलेला सीबीआर न जुळलेल्या रीडिंगपेक्षा वाईट, कारण तुमच्या पद्धतीत किती चढउतार आहे हे कळण्याची एकमेव वाट तो बंद करतो. तीनही रीडिंग जशी आली तशी लिहा आणि सरासरी घ्या.

आता हिशेब

समजा सरासरी २४.६० मिली आली आणि आम्ल बरोबर ०.१००० नॉर्मल आहे. नॉर्मॅलिटी = २५.०० × ०.१००० ÷ २४.६० = ०.१०१६. ही किती खात्रीची? प्रत्येक साधनाची अनिश्चितता टक्क्यांत काढू. काचेचं सामान क्लास बी (क्लास ए पेक्षा कमी अचूक) धरलं आहे आणि ब्युरेट ०.१ पर्यंतच वाचली आहे.

तराजू १० मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा, दोन वजनं: ०.०१४ ग्रॅम, म्हणजे ०.९०%
फ्लास्क २५० मिली, ±०.३० मिली: ०.१२%
पिपेट २५ मिली, ±०.०६ मिली: ०.२४%
ब्युरेटची दोन वाचनं, प्रत्येकी ±०.०५: ०.०७ मिली, म्हणजे ०.२८%
ब्युरेटची स्वतःची मर्यादा, ±०.१० मिली: ०.४१%
एंडपॉइंटचा एक थेंब, ०.०५ मिली: ०.२०%

हे आकडे सरळ बेरजेने मांडत नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. उत्तर सुमारे १.१%. त्यात तराजूचा वाटा इतका मोठा आहे की बाकीच्या पाचांवर घाम गाळून फारसं काही हाती लागत नाही.

तोच हिशेब १ मिलिग्रॅमपर्यंतच्या तराजूने करा. वजनाची अनिश्चितता ०.०९% होते आणि एकूण ०.६% वर येते. पुढे ०.१ मिलिग्रॅमचा महागडा तराजू आणला तरी एकूण ०.६% च राहते! आता अडसर ब्युरेटचा आहे. ब्युरेट क्लास ए, म्हणजे ±०.०५ मिलीची घेतली तर ०.५% च्या आसपास पोचता.

२५ ऐवजी १० मिलीची पिपेट घेतली तर काय होतं, तेही पाहा. टायटर (ब्युरेटमधून लागलेलं द्रावण) १० मिलीच्या आसपास येतो, पण ब्युरेटची चूक मिलीमध्ये तेवढीच राहते, म्हणून टक्क्यांत ती अडीच पट होते. एकूण ०.६% ची १.४% होते. वेळ आणि द्रावण परवडत असेल तर २५ मिलीच घ्या. आणि तीन रीडिंगांच्या सरासरीने वाचनाचा आणि थेंबाचा भाग कमी होतो, पण पिपेट मुळातच कमी माप देत असेल तर शंभर रीडिंग घेऊनही ती चूक जात नाही.

पिपेटचं माप तपासायला झाकणाचं कोरडं भांडं तोला, पिपेटने पाणी सोडा, पुन्हा तोला. असं पाच वेळा करा आणि पाण्याचं तापमान लिहा. २७ अंशांना हवेत तोललेल्या प्रत्येक ग्रॅम पाण्याचे १.००४५ मिली होतात (२० अंशांना १.००२९, ३० अंशांना १.००५४). समजा सरासरी २४.८३ ग्रॅम आली, तर आकारमान २४.९४ मिली. यापुढे गणितात २५.०० च्या जागी २४.९४ घाला. याला १० मिलिग्रॅमचा तराजूही पुरतो, कारण २५ ग्रॅमवर त्याची चूक ०.०६% च असते. दीड ग्रॅमवर उघडा पडणारा तराजू इथे उत्तम काम देतो.

उत्तर लिहिताना आधी अनिश्चितता ठरवा. ०.१०१६ चे ०.६% म्हणजे ०.०००६. कॅल्क्युलेटर ०.१०१६२६०१६ दाखवत असला तरी जर्नलमध्ये ०.१०१६ ± ०.०००६ नॉर्मल. अधल्यामधल्या पायऱ्यांत मात्र आकडे कापू नका. त्याच सोडियम हायड्रॉक्साइडसाठी शेजारच्या गटाचं उत्तर ०.१०२१ ± ०.०००६ आलं, तर दोन्ही पल्ले एकमेकांवर येतात, त्यामुळे भांडण नाही. ०.१०४० आलं तर कुणाच्या तरी प्रयोगात मोठी गडबड आहे. आधी वजनाची नोंद पाहा, मग फ्लास्क नीट ढवळला होता का ते विचारा.