हात पोचेल एवढाच वाफा

माझी आई चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, जात होती. ऊस, भुईमूग, सोयाबीन, हळद. पीक बदलायचं, खुरपं तेच. सकाळी भाकरी बांधून जायची आणि दिवस मावळताना कंबर धरून यायची. आता ती 82 वर्षांची आहे आणि तिच्या उजव्या हाताची बोटं पुरती सरळ होत नाहीत. कराडजवळ आम्ही घर बांधलं तेव्हा मागं 12 बाय 18 फुटांचं परडं उरलं. तेव्हाच मी ठरवलं, भाजी घरची खायची, पण या घरात कुणी त्या भाजीपायी दिवसदिवस वाकून बसणार नाही.

याला सहा वर्षं झाली. तीन वाफे आहेत. तिन्ही वाफ्यांचं तण काढायला मला आठवड्याला वीस मिनिटं लागतात, पावसाळ्यात अर्धा तास. हे कसं जमतं ते सांगते.

सगळ्यात आधी जागा बघा. फळभाजीला निदान सहा तास ऊन हवं. मेथी, पालक, कोथिंबीर चार तासांवर भागवून घेतात. वाफ्याची रुंदी मात्र पुस्तकातून घेऊ नका, स्वतःच्या हातावरून ठरवा. जमिनीवर बसा आणि कमरेतून न झुकता हात पुढं करा. बोटं पोचतात ते अंतर साधारण दीड फूट भरतं. दोन्ही बाजूंनी हात जातो म्हणून वाफा तीन फूट रुंद. एका अंगाला भिंत असेल तर दीडच फूट ठेवा. लांबी सहा फूट पुरे, त्याहून लांब वाफ्याला वळसा घालायचा कंटाळा येतो आणि माणूस मधूनच पाय टाकतो. वाफ्यात पाय पडता कामा नये. आमची माती काळी. ओली असताना एकदा तुडवली की वाळल्यावर विटेसारखी होते, आणि मग ती पुन्हा खणावी लागते. खणलं की तण आलंच.

आई म्हणते, "जेवढं उकरशील तेवढं उगवंल." तिनं हे रानात पाहिलेलं आहे. तणांचं बी मातीत खोल वर्षानुवर्षं पडून राहतं. बऱ्याचशा बारीक बियांना उगवायला उजेड लागतो. आपण कुदळ मारून खालची माती वर आणतो तेव्हा त्यांना तो उजेड आपणच दाखवतो. म्हणून माझ्या परड्यात खणणं एकदाच झालं, अगदी सुरुवातीला, आणि तेही दोन वैऱ्यांसाठी: हराळी आणि लव्हाळा.

या दोघांना एकच उपाय चालत नाही. हराळी पेरापेरानं पसरते, वरून आणि मातीतूनही. तुटलेलं एक पेर राहिलं तरी तिथून नवी हराळी उठते. म्हणून ती खुरप्यानं तोडायची नाही, कुदळीनं माती सैल करून दोऱ्यासारखी अख्खी ओढून काढायची. लव्हाळ्याचं मूळ दुखणं खालच्या गाठींमध्ये आहे. एका बारीक दोरीला गाठीमागून गाठ अशी माळच असते. वरचा झुपका उपटला की दोरी तुटते आणि खालच्या गाठींना जोर येतो. या गाठी सुकल्या की मरतात, म्हणून हे काम एप्रिल-मे मध्येच करा. मी वीतभर खोल माती खणून पत्र्यावर पातळ पसरली, दिसतील त्या गाठी वेचल्या आणि बाकी माती पंधरा दिवस कडक उन्हात वाळू दिली. तरीही जूनमध्ये लव्हाळा आलाच. मग दर आठ-दहा दिवसांनी, पातं बोटभर झालं की, जमिनीलगत कापत राहिले. वरच्या पानांनी खाली नवी गाठ भरण्याआधीच पान जायला हवं. दुसऱ्या वर्षी लव्हाळा निम्म्यावर आला. आता वर पसरलेलं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, सरकवलं तर कुठं एखादं पातं दिसतं. हे काम धीराचं आहे, त्याला दुसरी वाट मला सापडली नाही. पुठ्ठा अंथरला की तण मरतं असं सगळे सांगतात. साध्या तणाला ते खरं आहे, पण लव्हाळ्याचं टोक भिजलेल्या पुठ्ठ्यातून सुईसारखं वर येतं.

माती परत भरून सपाट केली की ती तापवायची. माती चांगली भिजवा, वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून घाला, कडा मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. कागद काळा नको. पारदर्शक कागदातून ऊन आत जाऊन माती जास्त तापते. माती ओलीच हवी, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते आणि फुगलेलं बी लवकर मरतं.

वाफ्याच्या कडेला मी शहाबादी फरशीच्या सव्वा फूट रुंदीच्या पट्ट्या उभ्या बसवल्या. सहा इंच जमिनीत, नऊ इंच वर. खालचे सहा इंच शेजारच्या हराळीला अडवायला, वरचे नऊ पावसाळ्यात पाणी निथळायला. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत सपाट वाफा केला तर जुलैत मुळं सडतात, गादीवाफाच करावा. तीन बाय सहाचा, नऊ इंच उंचीचा वाफा भरायला साधारण 30 घमेली माल लागतो. मी दोन घमेली तापवलेल्या मातीला एक घमेलं पोयटा, म्हणजे नदीकाठचा बारीक गाळ, आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत हे प्रमाण धरते. शिवाय वाफ्याला दोन किलो निंबोळी पेंड.

शेणखताबद्दल दोन शब्द जास्त सांगते, कारण माझं पहिलं वर्ष तिथंच वाया गेलं. ट्रॉलीभर खत आलं, रंग काळा होता म्हणून मी विश्वास ठेवला. आत ते अर्धवट कुजलेलं होतं. तीन आठवड्यांत वाफ्यात मेथीपेक्षा गाजर गवत जास्त, आणि मुळाशी हुमणीच्या अळ्या. जनावरानं खाल्लेलं गवताचं बी पोटातून जिवंत बाहेर येतं. खत नीट तापून कुजलं तरच ते मरतं. आता मी कुठलंही खत आलं की आधी एका पाटीत दोन इंच पसरते, पाणी मारते आणि आठ-दहा दिवस ओलं ठेवते. काही उगवलं नाही तर ते वाफ्यात जातं. उगवलं तर ढीग पुन्हा भिजवून झाकून ठेवायचा, दोन-अडीच महिने. चांगल्या खताला शेणाचा वास येत नाही, हात घातला तर ऊब लागत नाही.

वाफा भरला की लगेच पेरू नका, कितीही मन झालं तरी. जुने शेतकरी पहिल्या पावसावर तण उगवू देतात, वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की कुळवाची पाळी घालून ते तण वरच्यावर कापतात आणि मग पेरतात. आपण तेच लहान प्रमाणात करायचं. रिकाम्या वाफ्याला पाणी द्या, आठ-दहा दिवस थांबा, हिरवी लव आली की खुरपं आडवं धरून वरच्या अर्ध्या इंचातून सरकवा. माती उलटी करायची नाही. पुन्हा पाणी, पुन्हा आठ दिवस, पुन्हा एक पाळी. या दोन पाळ्यांत जे तण जातं ते पुढं पिकात बसून काढायला दसपट वेळ लागला असता.

पेरताना बी फोकू नका, म्हणजे मुठीनं विखरून टाकू नका. मेथी फोकली की कुठलं रोप आपलं आणि कुठलं परकं हे पंधरा दिवस कळत नाही. सुतळी ताणून चार-चार बोटांवर ओळी पाडा. ओळीबाहेर उगवेल ते तण, डोळे झाकून काढा. मेथी तीन-चार दिवसांत दिसते. धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, तरी आठ-दहा दिवस घेतात. मुळ्यात मला पुसा चेतकी आवडतो, उन्हातही होतो आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघतो. भेंडी परभणी क्रांती, कारण पानं पिवळी पडण्याचा रोग तिच्यावर कमी येतो. वांगी आणि टोमॅटो रोपं करूनच लावा. वीतभर रोप तणाच्या कितीतरी पुढं असतं.

माझा ऑक्टोबरचा वाफा असा असतो: मधल्या ओळीत दीड-दीड फुटावर चार टोमॅटो, दोन्ही कडांना मेथी आणि मुळा. महिन्यात मेथी काढून होते, पुढच्या पंधरवड्यात मुळा, तोवर टोमॅटोची सावली सगळीकडं पडलेली असते. उघडी माती कुठं दिसतच नाही. तण कमी राहण्याचं खरं कारण हेच आहे.

जिथं सावली पोचत नाही तिथं आच्छादन. आमच्याकडं उसाचं पाचट मुबलक. वीतवीत तुकडे करून तीन इंच जाड घालते. रोप चार बोटं झाल्यावरच, आणि खोडापासून दोन बोटं मोकळी सोडून. तुमच्याकडं ऊस नसेल तर आंब्या-फणसाची वाळकी पानं चालतात. भाताचा पेंढा वापरताना त्यात लोंब्या राहिल्यात का ते झाडून बघा. पाचट कोरडं पडलं की वाळवी लागते, म्हणून झारीनं त्यावरही हात फिरवायचा. पावसाळ्यात उलट त्रास होतो, खाली गोगलगायी दडतात. जुलै-ऑगस्टमध्ये मी थर एक इंचावर आणते. संध्याकाळी वाफ्याशेजारी ओलं गोणपाट ठेवते आणि सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकते.

दोन वाफ्यांमधल्या वाटेचं तण लोक विसरतात, आणि बी तिथूनच उडून येतं. माझ्या वाटा दीड फुटी आहेत, त्यावर फरशीचे तुकडे आणि सुताराकडचा भुसा. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, आणि हातमोजे घालूनच, त्यानं अंगाला खाज सुटते.

वाफा रिकामा झाला आणि पुढची लागवड लांब असेल तर तो उघडा ठेवू नका. मी ताग पेरते. चाळीसेक दिवसांनी, फुलं यायच्या आत, जमिनीलगत कापून तिथंच आडवा पाडते. मुळं आत कुजतात आणि माती मी न खणताच भुसभुशीत राहते.

आईनं एक कोपरा मागून घेतलाय. तिथं ती घोळ आणि तांदुळजा येऊ देते. चाळीस वर्षं जे उपटलं त्यातलं खायचं कुठलं हे तिला पानाच्या पहिल्या जोडीवरून कळतं. घोळ ती तुरीच्या डाळीत करते, लसूण भरपूर, थोडी चिंच. तुम्हीही ठेवा, फक्त बी धरायच्या आत खुडत राहा. आणि उपटलेली घोळ वाफ्यावर तशीच टाकू नका. तिचं पान जाड असतं, दोन दिवस उन्हात पडूनही ती मरत नाही आणि पाण्याचा शिडकावा झाला की पडल्या जागी मुळं सोडते.