आयनीभवन ऊर्जेचा प्रश्न बाणांवर विसंबून न राहता कसा सोडवायचा

माझ्याकडे गोव्यातल्या डिचोलीत शिकायला येणाऱ्या अकरावीच्या मुलांच्या वहीत आवर्तसारणीभोवती दोन बाण हमखास काढलेले असतात: डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा वाढते, वरून खाली कमी होते. बाण खोटे नाहीत. पण पेपर काढणारा बहुधा बाण जिथे मोडतो तिथलंच विचारतो. ‘बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन चढत्या क्रमाने लावा’ म्हटलं की बाणवाली मुलं ऑक्सिजन शेवटी ठेवून मोकळी होतात. म्हणून माझा हट्ट एकच आहे: आधी इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते) लिहा, मग उत्तर.

व्याख्येतला ‘वायुरूप अवस्थेतील एकटा अणू’ हा भाग गाळू नका. त्यातून सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा ती पहिली आयनीभवन ऊर्जा.

संरूपण लिहिलंत की बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर बोट ठेवा. केंद्रकात प्रोटॉन किती? मध्ये आडवे येणारे इलेक्ट्रॉन किती? आणि हा केंद्रकापासून किती लांब? सोडियम म्हणजे २, ८, १. प्रोटॉन ११ असले तरी आतले १० इलेक्ट्रॉन बरीचशी ओढ अडवतात. स्लेटरच्या नियमांनी (आतले इलेक्ट्रॉन किती ओढ झाकतात ते मोजायची ढोबळ रीत) हिशेब केला तर बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा प्रभार जेमतेम २.२ भरतो. क्लोरीन २, ८, ७. आतले १० तेच, पण प्रोटॉन १७, आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना फारसे झाकत नाहीत, त्यामुळे हा आकडा ६.१ वर जातो. सोडियमला ४९६ किलोज्यूल प्रति मोल आणि क्लोरीनला १२५१, ते यामुळेच. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन मात्र आतल्या कवचातला, त्याला ४५६२ लागतात. आगरवाड्याच्या मिठागरातल्या मिठात सोडियमवर एकच धन प्रभार का, याचं मोठं कारण या आकड्यात आहे.

गणातून, म्हणजे उभ्या स्तंभातून, खाली जाताना अंतर आणि आतली कवचं वाढतात. लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९. इथे फार वेळ घालवू नका.

वेळ द्यायचा तो दुसऱ्या आवर्ताला, म्हणजे दुसऱ्या आडव्या ओळीला. बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१. प्रोटॉन वाढला तरी ऊर्जा घसरली, कारण बेरिलियमचा इलेक्ट्रॉन २-एस मधून निघतो आणि बोरॉनचा २-पी मधून (एस, पी, डी ही कवचातली उपकवचं). २-पी ची पातळी मुळातच वर, शिवाय २-एस ची जोडी त्याला थोडी झाकते.

पुढे नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४. इथे पी च्या तीन चौकटी काढाच; एक चौकट म्हणजे एक कक्षक, त्यात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन. मी फळ्यासमोर उभ्या मुलीला सांगते, ‘बाय, चौकटी काढल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.’ नायट्रोजनमध्ये तिन्ही चौकटींत एकेक इलेक्ट्रॉन येतो. ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी चौकटीत जोडीने बसावं लागतं, तिथे प्रतिकर्षण होतं आणि त्या जोडीतला एक सहज सुटतो. ‘टीचर, अर्धपूर्ण उपकवच स्थिर असतं म्हणून’ एवढंच लिहिलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. नायट्रोजनबद्दल बोलून ऑक्सिजनचं काय झालं ते त्यात सांगितलेलंच नाही. जोडीतलं प्रतिकर्षण लिहा. तर वरच्या प्रश्नाचा क्रम असा: बोरॉन, कार्बन (१०८६), ऑक्सिजन, नायट्रोजन.

तिसऱ्या आवर्तात हीच गोष्ट पुन्हा घडते. मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८. फॉस्फरस १०१२, सल्फर १०००. दुसरी घसरण अगदी लहान आहे, कारण ३-पी कक्षक मोठे असल्याने जोडीतलं प्रतिकर्षण तितकं जाणवत नाही.

आता लोखंड. खनिजाच्या गावात राहून हे चुकू नये असं मला मनापासून वाटतं. लोखंडात ३-डी मध्ये ६ आणि ४-एस मध्ये २. भरताना ४-एस आधी भरलं असलं तरी काढताना पहिले दोन इलेक्ट्रॉन ४-एस चेच जातात. उरतात डी चे सहा, त्यात एक जोडी. तिसरा इलेक्ट्रॉन त्या जोडीतला, त्याला २९५७ किलोज्यूल. शेजारच्या मँगनीजचे दोन गेले की डी मध्ये पाच उरतात, पाचही एकेकटे. तिथून तिसरा काढायला ३२४८ लागतात, लोखंडापेक्षा प्रोटॉन एकाने कमी असूनही. प्रयोगशाळेतलं फेरस सल्फेटचं (यात लोखंडाचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले) हिरवट द्रावण उघडं राहिलं तर तिसराही जाऊन ते पिवळट-तपकिरी होतं, मँगनीज सल्फेटचं फिकट गुलाबी द्रावण मात्र तसंच राहतं. हे दोन आकडे आठवून त्या दोन बाटल्या शेजारी ठेवून बघा.

कधी कधी नुसते आकडे देऊन मूलद्रव्य ओळखायला सांगतात: ५७८, १८१७, २७४५, ११५७७. मोठी उडी शोधा. ती तिसऱ्यानंतर आहे, म्हणजे बाहेर तीन इलेक्ट्रॉन, गण १३. तिसऱ्या आवर्तातलं मूलद्रव्य असेल तर ॲल्युमिनियम.

आता एक तुमच्यासाठी. ॲल्युमिनियम ५७८ आणि त्याच्याखालचं गॅलियम ५७९. गणात खाली गेलो, तरी ऊर्जा उतरली नाही. गॅलियमचं संरूपण पूर्ण लिहा, ३-डी मधले दहा इलेक्ट्रॉन मोजा, आणि डी चे इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ किती कमी झाकतात ते पकडून दोन ओळींत कारण द्या.