हाती घेतलेले कशिदाकाम तडीस कसे न्यावे : नमुना, मोजदाद आणि नोंद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात कशिदा करणाऱ्या अनेक जणी दुसऱ्याने काढलेला नमुना भरण्यावर थांबत नाहीत. जुन्या चंद्रकळेवरचे, म्हणजे काळ्या साडीवरचे, गोपूर उतरवून घेणे, त्याच्या शेजारी तुळशीवृंदावन बसवणे, आलेख कागदावर नवा पदर मांडणे ही कामे त्या स्वतःच करतात. नक्षी मांडणारी आणि ती भरणारी व्यक्ती एकच असली की एका वेळी तीन-चार कामे अर्धवट असणे स्वाभाविक आहे. अडचण येते ती ‘काम कुठवर आले?’ या प्रश्नाला ‘निम्मे झाले असेल’ यापलीकडे उत्तर देता येत नाही तेव्हा. म्हणून पहिला नियम असा की, कशिद्याची प्रगती दिवसांत किंवा नजरेच्या अंदाजाने मोजू नये, ती टाक्यांत मोजावी. आणि दुसरा असा की, कागदावरचा नमुना कापडावरच्या कामाबरोबर त्या त्या दिवशीच दुरुस्त करत जावा. पुढचे सारे या दोन गोष्टी प्रत्यक्षात कशा आणायच्या याबद्दल आहे.

कापड आधी, नमुना नंतर

नक्षी कितीही सुबक मांडली तरी कापडाचे धागे मोजल्याशिवाय ती कागदावर पक्की करू नये. बाजारात मिळणारे चौदा काउंटचे आयडा, म्हणजे मोजून टाके घेण्यासाठी चौकोनी घरे पाडून विणलेले कापड, इंचाला बरोबर १४ घरांचे असते, त्यामुळे तिथे हिशेब सोपा आहे: १४० घरे रुंद आणि ९८ घरे उंच असा नमुना १० इंच बाय ७ इंच बसतो, आणि चौकटीसाठी चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडले तर १६ बाय १३ इंचांचा तुकडा कापावा लागतो. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांकडून घेतलेल्या सुती कापडाचे तसे नसते. त्यात उभ्या ताण्याचे आणि आडव्या बाण्याचे धागे इंचाला सारखे असतीलच असे नाही. समजा, उभे धागे इंचाला ४० आणि आडवे ३६ आहेत आणि आपण चार-चार धाग्यांवर टाका घेतो आहोत. मग रुंदीत इंचाला दहा टाके बसतील आणि उंचीत नऊच. ९० बाय ९० टाक्यांचे, कागदावर अगदी चौरस दिसणारे वृंदावन कापडावर ९ इंच रुंद आणि १० इंच उंच होईल. हे आधी कळले तर उंचीच्या ओळी ९० ऐवजी ८१ ठेवून नमुना तिथेच बदलता येतो. यासाठी कापडाच्या कडेला चार इंचांचा चाचणीचा तुकडा राखून त्यावर नक्षीतला एक घटक पूर्ण भरून पाहावा. या तुकड्याला मी कामाचा खराखुरा प्रारंभ मानते.

रेशमी किंवा फार बारीक विणीच्या कापडावर धागे मोजणे डोळ्यांना झेपत नसेल, तर वर जाळी टाचून त्यावर टाके घ्यावेत आणि काम संपल्यावर जाळीचे धागे एकेक करून ओढून काढावेत. मात्र जाळीच्या घरांचा आकार नमुन्याच्या नोंदीत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी निराळी जाळी आणली तर त्याच नक्षीचे माप बदलते.

एकूण टाके, वेग आणि दोरा

नमुना पक्का झाला की दहा बाय दहा घरांच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीतली भरायची घरे मोजावीत आणि तो आकडा चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहावा. वरच्या १४० बाय ९८ घरांच्या नमुन्यात एकूण १३,७२० घरे आहेत. त्यांतली साठ टक्के भरायची असतील तर साधारण ८,२३० टाके होतात. आता घड्याळ लावून अर्धा तास नेहमीच्या गतीने काम करावे आणि टाके मोजावेत. तासाला १२० टाके पडत असतील तर हे काम सुमारे ६९ तासांचे आहे, म्हणजे रोज दोन तास दिले तर पस्तीस दिवसांचे. काळ्या कापडावर वेग उतरतो आणि एकाच रंगाच्या मोठ्या भागात तो वाढतो, म्हणून ही मोजणी प्रत्येक कामासाठी वेगळी करावी.

दोऱ्याचा अंदाजही असाच अनुभवातून काढावा. सहा पदरी दोऱ्याची एक लडी साधारण ८ मीटरची असते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा, म्हणजे अंदाजे ४५ सेंटिमीटर लांबीचा दोरा घेऊन, नेहमीप्रमाणे त्याचे दोन पदर सुईत ओवून त्यात किती टाके बसतात ते पाहावे आणि त्यावरून लड्यांची संख्या ठरवावी. एका नमुन्याला लागणारा एका रंगाचा सारा दोरा एकाच वेळी घ्यावा, कारण रंगाचा लॉट बदलला की तोच क्रमांक असूनही छटेत फरक पडू शकतो आणि तो भरलेल्या पट्टीत उघडा दिसतो.

कसुतीतली वाट

फुलीच्या टाक्यात कोणती घरे आधी भरली याने फारसे बिघडत नाही. कसुतीत, म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या पारंपरिक मोजून भरायच्या कशिद्यात, मात्र क्रम हाच नमुन्याचा गाभा आहे. २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही कला चार टाक्यांवर उभी आहे: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. नेगी विणकामासारखी दिसते आणि मेंथी म्हणजे फुली; गवंती आणि पायऱ्यापायऱ्यांची मुरगी यांत मात्र सुलट आणि उलट बाजू सारखीच दिसायला हवी. गाठ मारायची नाही, आणि उलट बाजूने दोरा एका नक्षीवरून दुसरीकडे उडवायचाही नाही.

गवंती हा दुहेरी धावदोरा आहे. जाताना एक टाका वर, एक खाली असे जायचे आणि येताना त्याच रेषेवरून रिकाम्या जागा भरत यायचे. त्यामुळे नमुना मांडतानाच दोऱ्याची वाट कागदावर पेन्सिलीने क्रमांक घालून ठरवावी लागते. फांदी आली की आधी तिच्या टोकापर्यंत जावे, तिथून परत बुंध्यापर्यंत यावे आणि मगच मुख्य रेषेने पुढे सरकावे. बंद आकृतीत अधिक काळजी घ्यावी लागते. आठ टाक्यांचा चौकोन घ्या. एक फेरी पूर्ण करून त्याच दिशेने दुसरी फेरी मारली, तर वरचे टाके पुन्हा वरच येतील आणि मोकळ्या जागा मोकळ्याच राहतील. तिथे फेरी संपल्यावर उलट फिरूनच यावे लागते. तीन किंवा पाच अशा विषम टाक्यांच्या बंद आकृतीत, उदाहरणार्थ तिरपी बाजू असलेल्या लहान त्रिकोणात, त्याच दिशेने दुसरी फेरी मारली तरी जागा बरोबर भरतात. पोपटाच्या चोची, कमळाच्या पाकळ्या आणि रथाची चाके मांडताना ही मोजणी केली की पुढचे उसवणे वाचते.

जी नक्षी मुख्य रेषेला कुठेच टेकत नाही, तिच्यासाठी नवा दोरा सुरू करावा लागतो आणि त्याची दोन्ही टोके टाक्यांखाली लपवावी लागतात. एखादा सुटा ठिपका नमुन्यात कितीही शोभत असला, तरी तो एका टाक्याने शेजारच्या वेलीला जोडता येतो का हे आधी पाहावे. माझ्या मते चांगल्या नमुनाकाराची पारख इथेच होते.

प्रगती मोजताना कसुतीसाठी एक वेगळा नियम पाळावा: केवळ जाण्याची फेरी झालेली नक्षी निम्मी धरावी. समोरून ती पूर्ण झाल्याचा भास होतो, पण तितकेच टाके अजून बाकी असतात.

वही

प्रत्येक कामाला वहीची स्वतंत्र पाने द्यावीत. पहिल्या पानावर कापडाचे नाव, इंचातले उभे-आडवे धागे, सुईचा क्रमांक, दोऱ्याची कंपनी आणि रंगांचे क्रमांक लिहून प्रत्येक रंगाचा छोटा तुकडा कागदाला चिकटवावा. त्यानंतर प्रत्येक बैठकीला एकच ओळ पुरते: तारीख, कोणती चौकट किंवा नक्षी भरली, किती टाके झाले, किती उरले आणि नमुन्यात काही बदलले का. ही ओळ सुई टाचणीच्या उशीत खोचण्यापूर्वी लिहावी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. मूळ नमुन्यावर रेघोट्या न ओढता त्याची झेरॉक्स काढावी आणि भरलेली घरे तिच्यावर फिकट पेन्सिलीने रंगवावीत, म्हणजे खालची चिन्हे वाचता येतात.

काम करताना नमुना बदलावासा वाटला, तर बदल कापडावर होण्याआधी कागदावर व्हावा आणि त्या कागदाला ‘दुसरा नमुना’, ‘तिसरा नमुना’ असा क्रमांक व तारीख द्यावी. चूक सापडल्यावर उसवायचे की नाही, हे ती पुढे सरकते का यावर ठरवावे. एका धाग्याने सरकलेली काठाची रेषा कोपऱ्यात कधीच जुळत नाही, म्हणून ती लगेच उसवावी; भरलेल्या पार्श्वभूमीतला एखादा वेगळ्या छटेचा टाका तसाच राहिला तरी बिघडत नाही. गवंतीत मात्र चूक उलट बाजूलाही दिसते, तेव्हा तिथे सवलत घेऊ नये.

अनेक कामे आणि वर्षाचे वेळापत्रक

एका वेळी तीनपेक्षा अधिक कामे चालू ठेवू नयेत, आणि ती तीनही एकाच जातीची नसावीत. काळ्या कापडावरचे मोजून भरायचे काम सकाळच्या उजेडासाठी राखावे, फिकट कापडावरचे संध्याकाळी दिव्याखाली करावे, आणि प्रवासात किंवा पाहुण्यांत बसून करता येईल असे सोपे भरणीचे काम तिसरे असावे. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही आणि कपाटातही ओल धरते. त्या महिन्यांत चंद्रकळेचे काम नवे सुरू न करता नमुने मांडणे, चाचणीचे तुकडे भरणे आणि फिकट कापडावरची कामे पुढे नेणे अधिक हिताचे. अर्धवट काम फ्रेममध्ये ताणलेले ठेवू नये. रिंगचा वळ बसतो आणि ओलीने तो पक्का होतो. ते सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावे.

संक्रांतीला काळी साडी हवी असते, त्यामुळे या भागातल्या मागण्यांची सगळ्यात कडक मुदत तीच. तिच्यापासून मागे मोजत यावे. धुणे, इस्त्री, फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवणे यांसाठी शेवटचे दोन आठवडे सोडावेत, आणि त्याआधीच्या उपलब्ध तासांत उरलेले टाके बसतात का हे वहीतून पाहावे. बसत नसतील, तर मागणी घेतानाच पदरावरच्या गोपुरांची संख्या कमी करण्याबद्दल बोलावे. डिसेंबरात ते सांगणे कोणालाच रुचत नाही. बाहीवर कसुती असेल तर शिवणाऱ्याकडून बाहीची रेषा आधी आखून घ्यावी आणि कशिदा झाल्यावरच कापड कापू द्यावे, म्हणजे नक्षी शिवणीत जात नाही.

ग्राहकाला प्रगती कळवताना एकाच अंतरावरून, दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवावीत आणि सोबत ‘१८ पैकी ११ नक्ष्या पूर्ण’ असे आकड्यांत लिहावे.

काम संपल्यावर

धुण्यापूर्वी दोऱ्याचा आणि कापडाचा रंग सुटतो का हे चाचणीच्या तुकड्यावर पाहावे. लाल आणि काळ्या रंगांच्या बाबतीत ही पायरी कधीही गाळू नये. रंग पक्का असेल तर थंड पाण्यात सौम्य साबणाने, न पिळता धुवावे आणि किंचित ओले असताना, खाली जाड टॉवेल अंथरून, उलट बाजूने इस्त्री करावी, म्हणजे टाके चेपत नाहीत. मग वहीच्या शेवटच्या ओळीत लागलेले एकूण तास, वापरलेल्या लड्या आणि सुरुवातीच्या अंदाजाशी पडलेला फरक लिहून चाचणीचा तुकडा त्याच पानाला टाचावा. पुढच्या मागणीची किंमत सांगताना हेच पान समोर ठेवून, तासांना आपला दर लावून आकडा सांगावा.