शाळेसाठी बालविकासाची पुस्तकं निवडताय? आधी हे बघा

आधी एक मूल डोळ्यासमोर आणा. नुसतं "बालविकासावर काहीतरी द्या" म्हणालात की दुकानदार बी.एड.चं जाडजूड गाईड काढून देतो आणि ते कपाटात धूळ खात पडतं. तिसरीत वाचताना अडखळणारा मुलगा, बालवाडीत कुणाशीच न बोलणारी मुलगी, घरातल्या भांडणांमुळे वर्गात मारामाऱ्या करणारा, तिघांची पुस्तकं वेगळी.

मग साल बघा, पुनर्मुद्रणाचं नाही, आवृत्तीचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकातली सवलतींची माहिती विसरा. जुनं म्हणजे टाकाऊ असंही नाही हं, खेळातून उपचाराबद्दल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलिनने १९४७ मध्ये जे मांडलं ते आजही वर्गात उपयोगी पडतं.

आता चाळायला घ्या. बाळ कधी चालतं ते पान काढा. "१२ व्या महिन्यात चालतं" एवढंच असेल तर खाली ठेवा, कारण डब्ल्यूएचओच्या २००६ च्या निष्कर्षांत निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने इतका पसरलेला आहे, आणि एकच आकडा देणारं पुस्तक आईबापांना उगाच घाबरवतं. "तुमचं मूल व्हिज्युअल लर्नर की ऑडिटरी" (म्हणजे बघून शिकणारं की ऐकून) असं विचारणारी किंवा बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी पुस्तकं तर हातातही घेऊ नका.

उपचाराच्या भागात मात्र वेळ काढून एखादा प्रसंग पूर्ण वाचा. समजा पोराने शेजारच्याची वही फाडली. "मुलाला प्रेमाने विश्वासात घ्यावे" एवढ्यावर लेखक थांबला असेल तर त्याचा काही उपयोग नाही, हे काय आपल्याला माहीत नव्हतं? चांगलं पुस्तक बाईंच्या तोंडचं वाक्यच देतं, "तुला खूप राग आलाय, कळतंय मला, पण वही नाही फाडायची, ही रद्दी घे, फाड हवी तेवढी", आणि तोवर बाकीच्या ४० जणांना कशात गुंतवायचं तेही सांगतं.

शिक्षकाने कुठे थांबून तज्ज्ञाकडे पाठवायचं, हे लिहिलंय का तेही बघा. परदेशी पुस्तकात तिथले नियम असतात, आपल्याकडे लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून सोबत एक भारतीय पुस्तक हवंच.

आणि एकदम सेट मागवू नका, एकच घ्या आणि स्टाफरूमच्या टेबलावर ठेवा, मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात नको.